आण्णांची फौज

प्रतिकारशक्ती हा शब्द मराठीतून कायमचा हद्दपार करावा, असं भाग्यश्री मगदूमला गेले आठ महिने वाटत होतं. ज्युनियर कॉलेजात ती अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवत होती, म्हणजे तो शब्द पोरांच्या डोक्यात भरणाऱ्यांतली तीही एक. पण सासऱ्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाल्याचं कळल्यापासून घरात जो येईल तो हाच शब्द घेऊन येत होता, आणि शब्दासोबत एक बाटली. कुणी गुळवेलीचा रस आणला, कुणी अश्वगंधाची पावडर. कागलच्या मावशींनी तर मधात कालवलेलं कसलंसं चाटण आणलं. जैनाच्या घरात मध! आणि मावशी स्वतः जैन. "औषधाला चालतंय की गं," म्हणाल्या आणि वर चहा पिऊन गेल्या.

पहिल्या महिन्यात भाग्यश्रीनं प्रत्येकाला बसवून समजावलं. दुसऱ्या महिन्यात उभ्या उभ्या समजावलं. तिसऱ्या महिन्यापासून ती नुसतं "बरं" म्हणायची आणि पाहुण्यांची पाठ वळली की बाटली मोरीत ओतायची.

लोकांचा सगळा रोख एकाच गोष्टीवर. आण्णांना, म्हणजे तिचे सासरे नेमिनाथ मगदूम यांना, ना तंबाखू ना दारू. सुपारीचं खांडसुद्धा कधी दाताखाली धरलं नाही. सूर्य मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, उरकणारा, पाणी गाळून पिणारा माणूस. त्याला कॅन्सर होतोच कसा? तर शक्ती कमी पडली! झालं, निकाल लागला. पण हेच आण्णा गुळाच्या हंगामात मार्केट यार्डातले सौदे दिवस मावळायला येईपर्यंत ओढायचे, मग सूर्य बुडायच्या आत जेवण व्हावं म्हणून दहा मिनिटांत चार भाकऱ्या कोंबायचे आणि तिथंच गादीवर आडवे व्हायचे, हे कुणाला आठवत नव्हतं. अडतीचा धंदा, वर दिवसाला दहा वेळा उकळता चहा. वीस वर्षं छातीत जळजळ. खिशात कायम गुलाबी औषधाची बाटली असायची आणि दुर्बीण घालून बघा म्हटलं की, "जळजळायला काय झालं, मिरची कोल्हापूरची हाय," हे उत्तर.

ही जळजळच मुळाशी होती. डॉक्टर मनाली कांबळेंनी ते सांगितलं तेव्हा आण्णांना एक अक्षर कळलं नाही, म्हणून भाग्यश्रीनं दवाखान्याच्या बाकावर बसून आपल्या भाषेत सांगितलं. आण्णा, तुमच्या अंगात एक फौज आहे. आम्लानं नळी पोळली की ती धावून येते, डागडुजी करते आणि माघारी जाते. पण तुम्ही रोज पोळवलीत. मग फौजेनं तिथंच तळ ठोकला. वीस वर्षं तळ ठोकलेली फौज, तिच्याच हत्यारांनी आजूबाजूचं घर जळायला लागलं. जळलेल्या जागी नव्या पेशी, परत जळणं, परत नव्या. त्या धांदलीत काही पेशी बिघडल्या. आणि त्या अशा लबाड निघाल्या, की फौज समोर आली की "आम्ही घरचेच" असा खोटा पास दाखवायच्या. पास बघून फौज खाली बसली. शक्ती कमी नव्हती आण्णा, शक्ती फसवली गेली.

आण्णांनी सगळं कान देऊन ऐकलं. आयुष्यभर अडतीत बसलेल्या माणसाला खोटा पास चांगला कळतो. "म्हंजे फौज हाय. नुसती बसलीया," ते म्हणाले.

केमो झाली, किरणं झाली, ऑपरेशन झालं. नळीचा खालचा भाग काढून डॉक्टरांनी जठर वर ओढून जोडलं. तरी थोडा रोग मागं राहिला होता, म्हणून महिन्याला एक इंजेक्शन सुरू केलं, वर्षभर घ्यायचं. हे इंजेक्शन कॅन्सरला मारत नाही, फौजेला पास ओळखायला लावतं, असं सांगितल्यावर तर आण्णांचा चेहराच बदलला. इंजेक्शनच्या दिवशी ते पांढरा शुभ्र सदरा घालून निघत. मंदिरात जो भेटेल त्याला "माझी फौज उठली," असं सांगत. तीन इंजेक्शनांनंतरचा स्कॅन स्वच्छ आला तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. भाग्यश्रीला त्या फौजेच्या गोष्टीचा मनातून अभिमान वाटायचा. एवढ्या घरात आपलं एकच वाक्य कुणाला तरी पटलं होतं.

इंजेक्शनच्या पहिल्याच दिवशी डॉक्टर मनालींनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. "उठलेली फौज आपल्याच घरावरही जाऊ शकते. आतडं, फुप्फुस, कुठंही. नेहमीपेक्षा दोन जुलाब जास्त झाले तरी त्याच दिवशी मला फोन. घरी कसलीही गोळी द्यायची नाही. थांबवायची गोळी तर मुळीच नाही." भाग्यश्रीनं मान हलवली होती. फ्रिजवर कागद चिकटवला होता. नवऱ्याला, वृषभला, तो पाठ करायला लावला होता.

आणि तरीही.

रविवारी तिनं बघितलं, आण्णा दुपारपासून तीनदा संडासाकडं गेले. विचारावं म्हणून ती उठली, तेवढ्यात शेजारची अनुजा चटणी द्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "आण्णांची तब्येत चांगलीच सुधारली म्हणायची. परवा गंगावेशीत कट्ट्यावर होते की, दोस्त बाळासोंच्या संगट. हातात दुधाचा ग्लास."

भाग्यश्रीच्या डोक्याची शीर तडकली. कट्ट्यावर रोज संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध थेट ग्लासात. निम्मं कोल्हापूर ते पिऊन वाढलं आहे आणि उरलेलं निम्मं त्याच्या ताकदीच्या गप्पा मारत जगतं. केमो घेतलेल्या, पोट कापलेल्या माणसानं न तापवलेलं दूध प्यायचं नाही, हे तिनं शंभरदा सांगितलं होतं.

"आण्णा! कट्ट्यावर गेलता व्हय तुमी?"

"गेलतो," आण्णा म्हणाले. "बाळासोबर बसाय."

"बसाय? हातात ग्लास घेऊन बसाय?"

आण्णांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं. कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या बायकोकडं, सीताबाईंकडं बघितलं. सीताबाईंनी मान खाली घातली. आण्णांनी तोंड मिटलं.

मग भाग्यश्री जी सुरू झाली ती तासभर थांबली नाही. बाळासोचा उद्धार झाला, म्हशीचा झाला, त्या दुधात कसले कसले जंतू असतात त्याचा अख्खा धडा झाला. वृषभ शिरोलीहून फौंड्रीची पाळी करून आला, तर दारातच त्याला अर्धा धडा मिळाला. हातपाय धुऊन तो चाचरत म्हणाला, "अगं, पण डॉक्टरास्नी फोन करूया का? त्या कागदावर..."

"कागद मीच लावलाय!" ती म्हणाली. "हे इंजेक्शनचं न्हाई, दुधाचं पोट हाय. डॉक्टरला काय सांगू, आमच्या म्हाताऱ्यानं म्हशीखाली तोंड धरलं म्हणून? दोन दिवसांत बसतंय."

आणि जी गोळी द्यायची नव्हती ती तिनंच दिली. सकाळी एक, दुपारी एक. मऊ भात, मीठ-साखरेचं पाणी. तेही आण्णा सूर्यास्तापर्यंतच घेणार. मावळल्यावर ओठाला थेंब लावायचे नाहीत, नियम म्हणजे नियम. तिनं त्यावरूनही डोकं आपटून घेतलं. रोज कॉलेजातून आली की पहिला प्रश्न, "किती वेळा?" आण्णा भिंतीकडं बघून सांगायचे, "दोनदा." दुसऱ्या दिवशी, "दोनदा." तिसऱ्या दिवशी, "एकदाच. बरं हाय आता." आणि दरवेळी तिच्या तोंडून निघायचंच, "आता तरी कळलं का कट्ट्यावरचं दूध?"

आण्णांचे डोळे मात्र आत जात चालले होते. धोतराची गाठ ते रोज थोडी आत ओढून घेत होते. भाग्यश्रीला ते दिसत होतं. दुधाचं पोट असलं तरी माणूस वाळतोच, असं ती स्वतःला सांगत होती.

शुक्रवारी संध्याकाळी बाळासो आले. चार घरं सोडून राहणारे, आण्णांचे लहानपणापासूनचे मित्र, मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या मनाचे. दारातूनच ओरडले, "आण्णा हाय का घरात? आठवडा झाला, कट्ट्याकडं फिरकला न्हाई गडी!"

भाग्यश्री पदर खोचून पुढं झाली. "काका, लाज वाटाय पाहिजे तुमास्नी! पाच दिवस पोट धरून पडलेत ते. कशाला पाजलं दूध?"

बाळासो बघतच राहिले. "म्या? म्या कशाला पाजू? त्यो दूध पितोय कुठं?"

"अनुजानं बघितलंय. हातात ग्लास होता."

"माझा ग्लास त्यो! म्या म्हशीवाल्याला सुट्टं देत हुतो, तवा धराय दिलता त्याच्याकडं. अगं सूनबाई, दुधाचा त्याग केलाय त्यानं. चातुर्मासाला म्हाराज आलेत न्हवं, त्यांच्यासमोर अष्टमीला नियम घेतला. ही इंजेक्शनं संपस्तवर दुधाचा थेंब घेनार न्हाई म्हणून. म्हैना होऊन गेला की त्याला! तुला ठावं न्हाई?"

भाग्यश्रीला ठाऊक नव्हतं. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ, या सहांतला एखादा रस सोडायचा नियम घरात कुणी ना कुणी घेतच असतं, त्यात नवल काही नव्हतं. पण दोन वेळ दूध आणि त्यात प्रोटीनची पावडर, हे आहाराच्या तक्त्यावर तिनं स्वतः लाल पेनानं लिहिलेलं होतं. ती रोज सकाळी ग्लास भरून ठेवून कॉलेजला जायची.

ती सावकाश सासूकडं वळली. "आत्ती, मग मी ठेवत होते ते दूध?"

सीताबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. "मी पीत हुते," त्या पुटपुटल्या. "त्यास्नी नाचणीची पेज देत हुते, पाण्यातली. तू वरडशील म्हणून... टाकाय जीव होईना गं."

म्हणजे महिनाभर या घरात कॅन्सरचा पेशंट पेज पीत होता आणि सासूबाई प्रोटीन! दुसरा कुठला दिवस असता तर भाग्यश्रीनं घर डोक्यावर घेतलं असतं.  पण दूध नव्हतं. दूध कधी नव्हतंच. मग हे पाच दिवस जे चाललं होतं ते काय होतं, हे अख्ख्या कोल्हापुरात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

 फ्रिजवरचा कागद समोर होता. तो आपण वाचला नाही असं नाही, आपल्याला तो वाचायचाच नव्हता, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. इंजेक्शन लागू पडलं होतं. स्कॅन स्वच्छ आला होता. ते इंजेक्शनच उलटलं असं म्हणायची तिची छाती नव्हती. तिलाही ते दूधच हवं होतं.

तिनं फोन लावला. डॉक्टर मनालींनी ऐकून घेतलं. "किती दिवस झाले?"

"पाच."

"थांबवायची गोळी दिली?"

"दिली."

डॉक्टर रागावल्या नाहीत. भाग्यश्रीला ते रागावण्याहून वाईट वाटलं. "आत्ता निघा. मी दवाखान्यातच आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दुर्बीण झाली. आतडं आतून लालभडक, जागोजागी सोललेलं. आण्णांना खोलीत आणलं तेव्हा त्यांचा रंग राखेसारखा झाला होता, पण जीभ शाबूत होती. वृषभ पायाशी उभा, सीताबाई उशाशी, भाग्यश्री दारालगत. डॉक्टर मनाली खुर्ची ओढून बसल्या.

"आण्णा, फौज घर चुकलीय. ती तुमच्या आतड्यावर चालून आलीय."

"मग सांगा की तिला, घर चुकलंय म्हणून."

"सांगायचं औषध सलाईनमधून देणार आहे. स्टेरॉइड. ते फौजेला शांत करतं. आणि इंजेक्शन आता बंद, कायमचं."

आण्णांनी हात चादरीखाली घेतला. "झोपवायचं औषध ते. न्हाई घ्यायचं मला."

"आण्णा, आतडं फाटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"आन् फौज झोपली तर त्यो रोग परत येतोय. हिनंच सांगितलंय मला," आण्णांनी दाराकडं बोट केलं. "आठ म्हैने झटलो तिला उठवाय. आता तुमी म्हणताय झोपवा. काय पोरखेळ लावलाय? पोटानं मरायचं का गळ्यानं, मग पोटानं मरतो."

सीताबाई रडायला लागल्या. वृषभ "आण्णा, असं काय करतायसा" याच्या पुढं जाईना. सलाईन घेऊन आलेली सिस्टर सुई हातात धरून ताटकळली. डॉक्टर मनालींनी परत समजावलं, आण्णा छताकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "भाग्यश्रीला बोलवा फुडं. तिनं सांगू दे. ह्यानं त्यो परत येनार न्हाई, असं ती म्हणाली तर घेतो."

एक वाक्य. "नाही येणार," एवढंच म्हणायचं होतं. सगळे तिच्याकडं बघत होते आणि तिनं तेच म्हणावं असं सगळ्यांना वाटत होतं. आठ महिने तिचं प्रत्येक वाक्य कुणी तरी धुडकावलं होतं, आणि आज ज्या वाक्यावर माणसाचा जीव ठेवला होता ते तिला येत नव्हतं.

"मला माहीत नाही, आण्णा," ती म्हणाली. "येईलही. न येईलही. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन बंद केलं तरी काहींची फौज ओळख विसरत नाही. तुमची विसरेल का, ते कुणालाच माहीत नाही. मी तुम्हाला फौजेची गोष्ट सांगितली ती सोपी होती म्हणून सांगितली. निम्मीच सांगितली. हीच फौज तुम्हाला वाचवते, हिनंच आधी नळी जाळली आणि आता हीच आतडं जाळतेय. तिला सारखं उठवून भागत नाही, वेळेवर बसवावीही लागते. आणि ती वेळ मी घालवली. दूध दूध करत मी गोळ्या दिल्या. पाच दिवस माझ्या हट्टापायी गेले. हे माझ्यामुळं झालंय."

 पोरांसमोर अठरा वर्षं जी कधी अडखळली नव्हती ती बाई पदरानं नाक पुसत उभी होती. सीताबाईसुद्धा रडायच्या थांबून तिच्याकडं बघायला लागल्या.

आण्णा चादरीकडं बघत म्हणाले, "पाच न्हाईत."

"काय?"

"अकरा. तुला रईवारी दिसलं, त्याच्या आदुगर सा दिवस चालू हुतं. सांगितलं न्हाई. इंजेक्शन बंद करतील म्हटलं. आन् तू दुधाचं काढलंस तवा म्हटलं बरं झालं, दुधावरच जाऊ दे. दोनदा सांगत हुतो तेबी खोटं. आठ-आठ डाव जात हुतो. परवापास्नं रगातबी पडतंय. तवा तुझा काय दोष न्हाई त्यात. उगं रडू नगं."

वृषभनं कपाळावर हात मारून घेतला.

"अकरा दिवस?" भाग्यश्री म्हणाली. मग तिचा आवाज चढला, आणि चढतच गेला. "अकरा दिवस! रक्त पडतंय आणि मला 'बरं हाय आता'? फ्रिजवर काय लावलं होतं मी, लग्नाची पत्रिका? भिंतीकडं बघून खोटं बोलताय, नियम पाळताय आणि खोटं बोलताय, कुठल्या महाराजांनी शिकवलं हे? मेला असता की आण्णा! काल मेला असता तर मी कुणाच्या नावानं ओरडले असते?" शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. ती रडत होती आणि ओरडत होती, आणि तिचा हात कधी पुढं होऊन आण्णांच्या मनगटावर घट्ट बसला होता, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

आण्णांनी दुसरा हात चादरीतून बाहेर काढला आणि सिस्टरपुढं धरला.

"घाला ओ बाई सुई," ते म्हणाले. "हिला बसवायचं औषध तुमच्याकडं नसंल. निदान त्या फौजेला तरी बसवा."

शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं. भाग्यश्री तोवर ओरडतच होती, आणि हात तिनं सोडला नाही.